पिंपळाच्या फेऱ्या

आमच्या वाड्यामागे एक जुना पिंपळ आहे. १९९० च्या सुमारास, मी चौथीत असताना, माझी धाकटी काकी रोज पहाटे ओलेत्याने त्याला एकशे आठ प्रदक्षिणा घाली. खडे मांडून फेऱ्या मोजायचे काम माझ्याकडे होते. लग्नाला नऊ वर्षे झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. उपास झाले, अंगारे झाले, वैदूची मुळी झाली. काका गुळव्या होते. दिवाळीनंतर गुऱ्हाळे लागली की शिमग्यापर्यंत ते चुलवाणाच्या धगीत काहिलीपाशी उभे असत; कमरेला तंबाखूची चंची, ओठांत विडी. त्यांना मात्र कुणी अवाक्षराने काही विचारले नाही.

या न विचारण्यालाही इतिहास आहे. आमच्या शाळेच्या पुस्तकात तो नाही, म्हणून येथे सांगतो.

जुन्या ग्रंथांना हे ठाऊकच नव्हते, असे नव्हे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाचा विचार करताना आधी शुक्राचे दोष सांगितले आहेत, स्त्रीचे मागाहून. ग्रंथाने सांगितले; घराने ते सोयीने विसरले.

पुढे १६७७ साली, शिवछत्रपती जिंजीच्या स्वारीवर असताना, तिकडे हॉलंडात डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली वीर्याचा थेंब ठेवला आणि त्यात वळवळणारे शुक्रजंतू पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने ते कळवले खरे. पण विद्वानांना किळस येणार असेल तर पत्र छापू नये, अशी विनंतीही केली! विषय उजेडात आला तो असा तोंड लपवीत.

आपल्याकडे १९२७ साली र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून असल्या गोष्टी उघड लिहिल्या, तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. तरी १९५३ साली मरेपर्यंत त्या माणसाने लेखणी खाली ठेवली नाही.

आणि न बोलण्याची किंमत किती, हे १९७७ साली दिसले. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप येथे शेतीची औषधे बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगार आपसांत बोलू लागले, तेव्हा त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मूल होत नाही, असे निघाले. तपासणी झाली. काहींच्या वीर्यात शुक्रजंतू नावालाही नव्हते. डीबीसीपी नावाचे, मुळांवरील सूत्रकृमी मारणारे औषध दोषी ठरले. चार पुरुष लाज सोडून बोलले, म्हणून हे कळले. एरवी त्यांच्याही बायका देवळाच्या पायऱ्या झिजवीत राहिल्या असत्या.

आज शास्त्र सांगते ते सोपे आहे. शुक्रजंतू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि त्यासाठी अंगापेक्षा दोन-चार अंश कमी उष्णता लागते. म्हणूनच निसर्गाने पुरुषाचे ते पिंड पोटाबाहेर ठेवले. सततची धग, तंबाखू, दारूचा अतिरेक, सुटलेले पोट यांनी शुक्रजंतूंची संख्या आणि चपळाई घटू शकते. सवय सुटली, तर तीनेक महिन्यांत सुधारणाही दिसू शकते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास ठिकाणी कारणाचा वाटा पुरुषाकडेही असतो. आणि त्याची पहिली तपासणी बाईच्या तपासण्यांहून किती सोपी!

काका आता नाहीत. गेल्या दिवाळीत फराळाची ताटे बाजूला सारून मी हे सारे काकीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजी बाळा, माझ्यात खोट न्हवती?"

"ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, काकी," मी म्हणालो. "पण तुझ्यातच होती, असं म्हणायचा अधिकार तेव्हाही कुणाला नव्हता."

काकीने मागल्या दाराने पिंपळाकडे पाहिले. डोळे पुसले आणि हसून म्हणाली, "मग निम्म्या फेऱ्या त्यांनी घालायच्या हुत्या की रं!"