चाकं ठोकणारा माणूस

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

वडील रेल्वेत होते, त्यामुळे माझं लहानपण मिरज जंक्शनच्या आसपास गेलं. रात्री गाडी येऊन थांबली की एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याचा हातोडा घेतलेला एक माणूस डब्यांच्या कडेकडेने चालत जायचा आणि प्रत्येक चाकावर एकेक ठोका मारायचा. आम्हा मुलांचा ठाम समज होता, की चाकं निखळू नयेत म्हणून तो ती ठोकून घट्ट बसवतो. एकदा वडिलांना तसं म्हटलं, तर ते हसले. म्हणाले, "ठोकत नाही रे, ऐकतो तो." धड चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बाजारात माठ घेताना आई बोटाने टिचकी मारून बघायची, तोच प्रकार.

उत्तर पटलं, पण त्यातून दुसरा प्रश्न निघाला आणि तो मला पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावरच नीट कळला. काल ज्या चाकाने, ज्या आसाने वजन पेललं, त्याने आज तेवढंच वजन पेलताना तडकावं का? वजन वाढलेलं नाही, धातू झिजलेला नाही, कुणी घाव घातलेला नाही. मग झालं काय? या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसाला जवळजवळ साठ वर्षं लागली आणि त्याची सुरुवात एका फार वाईट रविवारी झाली.

८ मे १८४२. फ्रान्सच्या राजाच्या सन्मानार्थ व्हर्सायच्या बागेत उत्सव होता, कारंजी सोडली होती. पॅरिसहून गर्दी लोटली होती. संध्याकाळी परतणाऱ्या गाडीला दोन इंजिनं जोडली होती. म्यूदाँजवळ पुढच्या इंजिनाचा आस मोडला. ते इंजिन पडलं, मागचं त्याच्यावर आदळलं, निखारे सगळीकडे उधळले आणि मागचे लाकडी डबे एकावर एक चढून पेटले. उतारू बाहेर पडू शकले नाहीत, कारण डब्यांना बाहेरून कुलपं होती. चालत्या गाडीतून कुणी उतरू नये म्हणून, म्हणजे सुरक्षिततेसाठीच, तशी पद्धत होती! मृतांचा आकडा निदान पन्नासच्या वर होता; नक्की किती गेले यावर पुढे वाद होत राहिले, कारण ओळख पटवण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं. त्यात द्युमाँ द'उर्विल हा नामवंत दर्यावर्दी होता. दोनच वर्षांपूर्वी तो अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागून आला होता आणि तिथल्या भूमीला त्याने आपल्या बायकोचं नाव दिलं होतं. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातून सुखरूप परतलेला हा माणूस बायको आणि मुलासह पॅरिसच्या वेशीवर, रविवारच्या सहलीत जळून गेला. त्याच्यासोबत प्रवास केलेल्या एका कवटीतज्ज्ञाने त्याची ओळख पटवली, ती कवटीवरून.

कुलपं लावण्याची पद्धत या अपघातानंतर बंद झाली. ते सोपं होतं. आसाचं काय करायचं, हे मात्र कुणाला कळेना.

त्या काळी एखाद्या लोखंडी भागाची ताकद कशी ठरवत? त्याच्यावर वजन टाकत जायचं, मोडेपर्यंत. समजा दहा टनांना मोडला, तर वापरताना त्याच्यावर दोन-तीन टनच येऊ द्यायचे. हिशेब चोख होता. घरांच्या तुळया, पुलांचे खांब यांना तो पुरतही होता. पण आस म्हणजे खांब नव्हे. बैलगाडीच्या आखासारखा तो दोन्ही टोकांनी भार घेतो आणि किंचित वाकतो. शिवाय रेल्वेचा आस चाकांबरोबर स्वतःही फिरतो. त्यामुळे त्याच्या अंगावरची जी बाजू आत्ता ताणली गेली, तीच अर्ध्या फेऱ्यानंतर दाबली जाते. पुन्हा ताण, पुन्हा दाब. आपल्याकडच्या डब्याचं नवं चाक सुमारे ९१५ मिलिमीटर व्यासाचं असतं. मुंबई ते पुणे हे लोहमार्गाने १९२ किलोमीटर. म्हणजे एका प्रवासात आस सुमारे सदुसष्ट हजार वेळा ताणला आणि दाबला जातो. असे पंधरा प्रवास झाले की दहा लाख भरले. एवढ्या वेळा कुठल्याही खांबाला कुणी वाकवून पाहिलेलं नव्हतं.

मोडलेल्या आसांची तोंडं लोकांनी पाहिली, तेव्हा ती दाणेदार, चमकदार दिसली. चांगलं घडीव लोखंड मोडलं की आतून लाकडासारखं रेषाळ दिसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावरून एक सिद्धान्त निघाला : प्रवासातल्या धक्क्यांनी आणि थरथरीने लोखंडाचे तंतू हळूहळू मोडतात, त्यांचे स्फटिक होतात आणि धातू ठिसूळ बनतो. हा सिद्धान्त इतका लोकप्रिय झाला, की पुढे कित्येक दशकं तो हटला नाही. मला विचाराल तर त्याच्या लोकप्रियतेचं एक कारण सोय हेही असावं. दोष लोखंडाच्या स्वभावाचा निघाला, की आस घडवणारा, बसवणारा, चालवणारा असे सगळेच सुटतात.

हा सिद्धान्त न मानणाऱ्यांत एक पोरगेला स्कॉटिश इंजिनिअर होता, विल्यम रँकिन. पुढे वाफेच्या शास्त्रात मोठं नाव झालेला हाच तो. पण तेव्हा, १८४३ मध्ये, जेमतेम बावीस वर्षांचा. त्याने लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक छोटा निबंध मांडला. त्याची पद्धत साधी होती. मोडलेले आस गोळा करायचे आणि डोळे उघडे ठेवून पाहायचे. त्याला दिसलं, की आस कुठेही मोडत नाही. जाड भाग संपून बेअरिंगमध्ये फिरणारा बारीक भाग जिथे सुरू होतो, त्या खांद्याच्या कोपऱ्यातच मोडतो. तिथे सभोवार एक गुळगुळीत, बारीक चीर पडलेली असते, ती सरासरी अर्धा इंच आत गेलेली असते आणि उरलेला मधला गाभा शेवटी एकदम तुटतो. म्हणजे आस त्या दिवशी मोडलेला नसतो. तो कितीतरी दिवस मोडत असतो. त्याचा उपाय असा, की खांदा काटकोनात कापू नका, तिथे गोलाई ठेवा.

लोकांनी ऐकलं, आणि बरेचसे विसरले.

ज्याने हे प्रकरण धसाला लावलं तो माणूस प्राध्यापक नव्हता, रेल्वेच्या वर्कशॉपचा प्रमुख होता. आउगुस्ट व्योलर. ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्टमध्ये तो प्रशियाच्या एका रेल्वेचे डबे आणि इंजिनं सांभाळायचा. त्याने आधी विचारलं, की धावत्या गाडीत आसावर खरोखर किती भार येतो? मग त्याने असं उपकरण बनवलं, की आस वाकला की जस्ताच्या पत्र्यावर सुईने ओरखडा उठावा. ते गाडीला लावून हजारो किलोमीटर फिरवलं आणि ओरखडे मोजले. आसाने सर्वांत जास्त किती सोसलं, हे त्या मुक्या पत्र्याने सांगितलं. मला हा प्रयोग अजूनही फार देखणा वाटतो.

मग त्याने यंत्र उभं केलं. धातूचा दांडा फिरत राहील आणि स्प्रिंगने त्याला वाकवत ठेवलं जाईल, असं. बाजूला फेरे मोजणारा काटा. हे काम १८५० च्या दशकात सुरू झालं आणि १८७० पर्यंत चाललं. एकेका दांड्याला लाखो, कधी कोट्यवधी फेरे. त्यातून जे निघालं ते आज प्रत्येक इंजिनिअर दुसऱ्या वर्षाला शिकतो. जेवढ्या भाराने दांडा एका दमात मोडतो, त्याच्या पुष्कळ कमी भाराने तो वारंवार वाकवल्यास मोडतो. भार जसजसा कमी करावा, तसतसे तो अधिक फेरे टिकतो. आणि लोखंड-पोलादाच्या बाबतीत एक अशी मर्यादा लागते, की भार तिच्याखाली ठेवला तर दांडा कितीही फिरवा, मोडत नाही. खांद्याला धारदार कोपरा असला, की ही मर्यादा खाली घसरते. रँकिनने डोळ्यांनी पाहिलं होतं, ते व्योलरने आकड्यांत मांडलं. गंमत म्हणजे त्याने नुसते तक्ते छापले. आज ज्याला व्योलरचा आलेख म्हणतात तो पुढच्यांनी काढला.

या प्रकाराला तोवर 'थकवा' हे नाव पडू लागलं होतं. शब्द चांगला आहे, पण किंचित फसवा. माणूस झोपला की थकवा जातो. धातूचा जात नाही. गाडी महिनाभर उभी ठेवा, चीर तिथेच वाट पाहत असते.

आता थोडं स्वतःचं सांगतो. हे सगळं पाठ करून, चांगल्या मार्कांनी पास होऊन मी कोल्हापूरकडच्या एका लहानशा कारखान्यात लागलो. आम्ही गुऱ्हाळाचे चरक बनवायचो. ड्रॉइंगमध्ये शाफ्टच्या खांद्याला तीन मिलिमीटरची गोलाई दाखवली होती. नवीन मागवलेली बेअरिंगं त्या गोलाईवर अडायची, खांद्याला टेकायची नाहीत. सीझन तोंडावर आलेला, मालक घाई करत होते. मी सांगितलं, कोपरा काटकोनात मारा. लेथवर जे टर्नर होते ते माझ्या वडिलांच्या वयाचे, सगळे त्यांना मामा म्हणत. शाळा चौथीपर्यंत झालेली. ते म्हणाले, "साहेब, ह्यो गोल ऱ्हाऊ द्या. मोडतंय ते हितंच मोडतंय." मी वहीतला हिशेब दाखवला. शाफ्ट लागेल त्याच्या तिप्पट भार पेलणारा होता. "मामा, हिशेब केलाय मी," असं म्हणालो. ते गप्प झाले आणि त्यांनी कोपरा मारला.

शाफ्ट मिनिटाला दोनशे फेरे घ्यायचा. दिवसाचे बारा तास धरले तर रोजचे एक लाख चव्वेचाळीस हजार. चौथ्या आठवड्यात, म्हणजे चाळीस लाख फेऱ्यांच्या आसपास, तो मोडला. पुली पट्ट्यासकट उडाली आणि उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या एका पोराच्या पायावर पडली. मालकांनी मला कारण लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं, की पोलाद सदोष निघालं. दुकानदाराकडून बदली माल मिळाला, प्रकरण मिटलं. तुकड्याच्या तोंडावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशी वलयं होती, कोपऱ्यापासून सुरू होऊन आत गेलेली. ती मी पाहिली होती. पुस्तकात त्यांचं चित्रही होतं.

स्फटिकांच्या सिद्धान्ताला शेवटचा धक्का बसला तो १९०३ मध्ये. यूइंग आणि हम्फ्री या दोघा ब्रिटिश संशोधकांनी वारंवार वाकवलेल्या लोखंडाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कण आधीपासूनच होते. प्रत्येक धातू कणांचाच बनलेला असतो. त्या कणांत घसरणीच्या बारीक रेषा उमटत, त्या दाट होत आणि त्यांतूनच चीर जन्माला येई. म्हणजे धातू बदलत नव्हता, तो आतल्या आत घसरत होता.

एवढं कळल्यावर प्रकार थांबायला हवे होते. पण धातू बदलला की धडा नव्याने गिरवावा लागतो. १९५४ च्या जानेवारीत रोमहून लंडनला निघालेलं कॉमेट जातीचं जेट विमान एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं, एप्रिलमध्ये दुसरं नेपल्सजवळ. या विमानांचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं होतं, आणि त्याला पोलादासारखी निर्धास्त मर्यादा नसते. प्रत्येक उड्डाणात आतला हवेचा दाब चढतो-उतरतो, विमान फुगतं-आकसतं. फार्नबरोला तिसरं विमान मोठ्या पाण्याच्या टाकीत ठेवून दाब चढवत-उतरवत राहिले. आधीची उड्डाणं धरून ३,०५७ व्या वेळी ते फाटलं. कुठे? एका खिडकीच्या कोपऱ्याशी.

आणि ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे इथे वेगवान गाडीच्या एका चाकाची पोलादी धाव तुटली. १०१ माणसं गेली. चीर धावेच्या आतल्या बाजूने वाढली होती. चाकात धावेखाली रबराची कडी होती. मिरजेचा तो हातोडेवाला तिथे असता तरी त्याला काही ऐकू आलं असतं असं मला वाटत नाही. आता कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आसांच्या पोटात सोडून चिरा शोधतात. काम तेच, ठोकून ऐकण्याचं.

निवृत्त झाल्यावर एकदा मामांना भेटायला गेलो. ते फार थकले होते, ऐकू कमी येत होतं. मी तो तुकडा सोबत नेला होता. इतकी वर्षं तो माझ्या टेबलावर कागद दाबायला होता. म्हटलं, "मामा, तुमचंच बरोबर होतं. पोलाद चांगलं होतं, मी खोटं लिहिलं." त्यांनी तुकडा हातात घेतला, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "त्या पोराचा पाय बरा झाला व्हय?"

मला सांगता येईना. मी कधी चौकशीच केली नव्हती.