अब्रूसाठी जन्मलेला हाइड

१/ जानेवारी १८८६. लंडनच्या 'लाँगमन्स' प्रकाशनसंस्थेने एक शिलिंग किमतीची एक छोटेखानी कादंबरी बाजारात आणली. तिचे नाव 'डॉ. जेकिल आणि मि. हाइड यांचे विलक्षण प्रकरण', तर लेखक ३५ वर्षांचा स्कॉटिश साहित्यिक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. अवघ्या सहा महिन्यांत ब्रिटनमध्ये तिच्या सुमारे ४०,००० प्रती खपल्या.

२/ जेकिल म्हणजे सत्प्रवृत्ती आणि हाइड म्हणजे दुष्प्रवृत्ती, असा या कथेचा अर्थ सर्वत्र रूढ झाला आहे. मूळ कादंबरीत मात्र तसे नाही. औषध घेतल्यावर हाइड निव्वळ दुष्ट होतो, पण जेकिल निव्वळ सज्जन कधीच होत नाही. तो पूर्वीसारखाच बऱ्यावाइटाचे मिश्रण राहतो.

३/ मग हाइडची गरज का पडली? उत्तर जेकिलच्याच कबुलीजबाबात आहे. त्याला तरुणपणापासून चैनीची ओढ होती. तेवढ्याने काही बिघडले नसते. पण चारचौघांत ताठ मानेने वावरण्याची हौस त्याहून प्रबळ होती. म्हणून त्याला कोणीच ओळखत नाही असा एक चेहरा हवा होता. कृत्य हाइडचे, लौकिक जेकिलचा!

४/ कादंबरीतला पहिलाच प्रसंग पाहा. हाइड रस्त्यात एका लहान मुलीला तुडवून पुढे जातो. जमलेले लोक त्याला धरतात आणि धाक घालतात तो बदनामीचा: साऱ्या लंडनभर तुझ्या नावाचा बोभाटा करू. सौदा १०० पौंडांवर तुटतो. १० पौंड सोन्याच्या नाण्यांत आणि उरलेल्या रकमेचा धनादेश. त्यावर सही असते एका प्रतिष्ठित गृहस्थाची, म्हणजे जेकिलची.

५/ जेकिलचा वकीलमित्र अटरसन हा सज्जन आणि निष्ठावान. त्याचा पहिला तर्क असा, की हाइड जेकिलला धमकावून पैसे उकळत असावा. पुढे हाइडच्या हातून सर डॅन्व्हर्स कॅर्यू या संसदसदस्याचा खून होतो. हाइडच्या नावाने आलेल्या पत्राचे अक्षर जेकिलच्या अक्षराशी जुळते, हे अटरसनचा कारकून दाखवून देतो. जेकिलने खुन्यासाठी बनावट पत्र लिहिले, या कल्पनेने अटरसनचे रक्त गोठते. तरीही तो ते पत्र पोलिसांकडे नेत नाही, तिजोरीत ठेवतो. मित्राचे नाव वाचवण्यासाठी भला माणूसही पुरावा दडवतो.

६/ अशा दुहेरी जगण्याची एक खरी कथा स्टीव्हन्सनच्या जन्मगावी, एडिंबरामध्ये प्रसिद्ध होती. विल्यम ब्रॉडी हा तिथला नामांकित सुतार-कारागीर, कारागीर-संघाचा प्रमुख आणि नगरपरिषदेचा सदस्य. दिवसा तो श्रीमंतांच्या घरी कामाला जाई, किल्ल्यांचे ठसे घेई आणि रात्री त्याच घरांत चोरी करी. १ ऑक्टोबर १७८८ रोजी त्याला फाशी झाली.

७/ ब्रॉडीने घडवलेले एक कपाट लहानग्या स्टीव्हन्सनच्या खोलीत होते. पुढे कवी हेन्ली याच्या सहकार्याने त्याने ब्रॉडीवर नाटकही लिहिले. प्रतिष्ठा हेच चोराचे सर्वांत उपयोगी हत्यार ठरते, ही गोष्ट त्याला परकी नव्हती.

८/ कादंबरी लिहिली गेली १८८५ च्या शरद ऋतूत, बोर्नमथ येथे. त्याच वर्षी जुलैमध्ये संपादक डब्ल्यू. टी. स्टेड याने लंडनमधील अल्पवयीन मुलींच्या देहविक्रयावर लेखमाला छापून सभ्य समाजाला हादरवले होते. ऑगस्टमध्ये नवा फौजदारी कायदा झाला. त्याने मुलींचे संमतिवय १३ वरून १६ वर नेले. त्याच कायद्याच्या एका कलमाने पुरुषांमधील खासगी संबंधही गुन्हा ठरवले, आणि पुढे ते कलम 'खंडणीखोरांची सनद' म्हणून कुप्रसिद्ध झाले. बेअब्रूच्या भीतीला बाजारभाव आलेला तो काळ होता.

९/ ऑगस्ट १८८८ मध्ये रिचर्ड मॅन्सफील्ड या अभिनेत्याने ही कथा लंडनच्या लायसियम रंगभूमीवर आणली. त्याच महिन्याच्या अखेरीस व्हाइटचॅपल भागात स्त्रियांच्या खुनांची भीषण मालिका सुरू झाली. वृत्तपत्रांनी त्या अज्ञात खुन्याला हाइडची उपमा दिली. मॅन्सफील्डवर संशय घेणारे एक पत्रही पोलिसांकडे पोहोचले. पुढे रंगमंच आणि चित्रपट यांनी हाइडला अधिकाधिक राक्षसी रूप दिले. पुस्तकातला हाइड मात्र लहानखुरा आहे, आणि त्याच्यात नेमके व्यंग कोणते, हे पाहणाऱ्याला सांगताच येत नाही.

१०/ कादंबरीतला सर्वांत भेदक क्षण खुनाचा नाही. खुनानंतर जेकिल हाइडला सोडून देतो आणि काही काळ परोपकारात घालवतो. मग एके दिवशी रीजंट्स पार्कमधील बाकावर ऊन खात तो शेजाऱ्यापाजाऱ्यांशी आपली तुलना करतो आणि आपल्या सत्कृत्यांवर मनोमन खूश होतो. त्याच क्षणी, औषधाचा थेंबही न घेता, त्याचा हाइड होतो.