पेयजल गुणवत्तेचे संवेदकाधारित संनियंत्रण

गावाच्या नळयोजनेतील पाणी इंटरनेटला जोडलेल्या संवेदकांनी अहोरात्र तपासण्याची पद्धत. जलकुंभात किंवा जलवाहिनीत बसवलेले संवेदक सामू, गढूळपणा, विद्युतवाहकता व उर्वरित क्लोरीन मोजतात. नोंदी मोबाइल जाळ्यातून सर्व्हरवर जातात. मर्यादा ओलांडताच इशारा मिळतो. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार सामू ६.५ ते ८.५ आणि मुक्त उर्वरित क्लोरीन प्रतिलिटर किमान ०.२ मिग्रॅ. असावे. टाकीत टीसीएल पावडर (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर) टाकायची राहिली, तर क्लोरीनचा आकडा घसरतो व गावातील पाणी शुद्धीकरण पाहणाऱ्या जलसुरक्षकाला ते वेळीच कळते. संवेदकावर शेवाळ, क्षार साचल्यास मापन चुकते; म्हणून नियमित सफाई व अंशशोधन आवश्यक असते. हे संवेदक रोगजंतू ओळखत नाहीत. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो.