विषाणूच्या कवचाचा स्वर

देवळांतील घंटा असो वा काशाची वाटी, प्रत्येकीचा एक ठरलेला स्वर असतो; आकार, घनता आणि ताठरपणा कळला, कीं तो गणितानें काढतां येतो. होरेस लॅम्ब या इंग्रज गणितज्ञानें १८८२ सालीं लवचीक गोलाच्या कंपनांचें असें गणित मांडलें. विषाणु ही वस्तु तेव्हां शास्त्राला ठाऊकहि नव्हती. तोच विचार पुढें विषाणूच्या दारीं कसा पोंचला, हें आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचें आहे.

१९३५ मध्यें वेंडेल स्टॅन्ले यांनीं तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक मिळविले. १९५६ मध्यें क्रिक व वॉटसन यांनीं युक्तिवाद केला, कीं एवढ्याशा विषाणूंत मोठ्या कवचाचा आराखडा मावणार नाहीं. म्हणून तें एकाच सांच्याच्या अनेक प्रथिनांचें असलें पाहिजे. वीस त्रिकोणी बाजूंच्या गोलसर कवचांत हीं प्रथिनें साठ किंवा साठाच्या ठराविक पटींत कशीं बसतात, हें १९६२ मध्यें कॅस्पर व क्लुग यांनीं दाखविलें. रचना कळली, आतां कंपनांचा हिशेब शक्य झाला.

परंतु हा हिशेब सोपा नव्हे. लहानशा कवचांतहि लाखाहून अधिक अणु, आणि प्रत्येकाला हलावयास तीन दिशा! १९९६ मध्यें मोनिक टिरियन यांनीं प्रथिनांतील जवळजवळच्या अणूंमध्यें एकाच ताकदीच्या स्प्रिंगा कल्पून काम हलकें केलें. २००८ मध्यें ॲरिझोना राज्य विद्यापीठांतील एरिक डायकमन व ऑटो सँकी यांनीं प्रत्येक अणु जमेस धरून केवळ मंद कंपनेंच हुडकण्याची युक्ति वापरली. ती घनपदार्थांतील इलेक्ट्रॉनांच्या गणितांतून आली होती. हीं 'मंद' कंपनेंहि सेकंदास अब्जावधि होत.

हा खटाटोप कशासाठीं? औषध विषाणूच्या रसायनावर घाव घालतें, आणि विषाणु रूप पालटून तो चुकवितो. मग कवचच हादरवून फोडतां आलें तर? जंतूंना ग्रासणारा एक दोरीसारखा विषाणु लेसरच्या क्षणमात्र झोतांनीं निष्प्रभ केल्याचें त्याच विद्यापीठांतील त्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केलें होतें. रामन यांनीं १९२८ मध्यें कलकत्त्यास दाखविलेल्या प्रकाश-विकिरणाच्याच एका प्रकारानें कवच हादरत असावें, असा त्यांचा तर्क होता.

तरी एक भेद ध्यानांत ठेवावा. हें गणित अल्प कंपनांचें आहे. फुटण्यास मोठीं कंपनें लागतात, आणि भोंवतालचें पाणी त्यांना सतत आवरीत असतें. घंटेचा स्वर सांगणें निराळें आणि ती तडकविणें निराळें. पहिलें काम गणितानें पुष्कळ अंशीं साधलें आहे. दुसऱ्यासाठीं प्रयोगाचीच साक्ष लागेल.