देवाची भाषा कोणती?



मुक्ताईनगरच्या यात्रेला आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. मुक्ताबाईंचे थोरले बंधू ज्ञानेश्वर यांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला. धर्माचे ज्ञान संस्कृतातच असावे, की शेतात राबणाऱ्याच्या बोलीतही यावे, हा प्रश्न आपल्या घरचा आहे. आज मी हाच प्रश्न दुसऱ्या एका घरात कसा पेटला, ते सांगणार आहे. ते घर म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती समाज.

आपल्या भुसावळला रेल्वेबरोबर कॅथलिक कुटुंबे आली. वसईकडे तर मराठी बोलणारे कॅथलिक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. या सर्वांची मुख्य उपासना म्हणजे मिस्सा. १९६० च्या आसपासपर्यंत ती लॅटिन भाषेत होई. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत. लोकांना शब्द कळत नसत. पण आजीने गुडघे टेकून ऐकलेली मिस्सा तीच आपली, ही ओळख मात्र पक्की होती.

मग व्हॅटिकनमध्ये जगभरच्या बिशपांची मोठी सभा भरली. ४ डिसेंबर १९६३ रोजी तिने उपासनेविषयीचा ठराव २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. लोकभाषेला वाट मिळाली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला आले. १९६९ साली त्यांनी मिस्सेचा नवा विधी जाहीर केला. त्याच वर्षी भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने संमती दिली. अनवाणी बसावे, हात जोडून नमस्कार करावा, आरती ओवाळावी, अशा त्या गोष्टी.

आता आपण म्हणाल, यात भांडण्यासारखे काय? पण भांडण झाले! भारतातलेच कित्येक कॅथलिक म्हणाले, ‘हे आमच्या उपासनेचे हिंदूकरण आहे.’ दुसरे म्हणाले, ‘नमस्कार आमच्या मातीचा आहे, तो देवळाच्या मालकीचा नाही.’ युरोपात आर्चबिशप लफेव्र यांनी जुना विधी सोडला नाही. १९८८ साली त्यांनी पोपची परवानगी नसताना चार बिशप नेमले, आणि त्यांना बहिष्कृत ठरवण्यात आले.

पुढचे पोपही एकाच वाटेने गेले नाहीत. सोळाव्या बेनेडिक्टांनी २००७ साली जुनी लॅटिन मिस्सा करायला धर्मगुरूंना बरीच मोकळीक दिली. फ्रान्सिस यांनी २०२१ साली ती मोकळीक आवरली; बिशपची परवानगी पुन्हा लागू केली. एकाला वाटले, जुने जपले तर रुसलेले लोक परत येतील. दुसऱ्याला वाटले, जुन्याच्या नावाखाली वेगळी चूल मांडली जाते आहे. दोघेही घर एकत्र राहावे, म्हणूनच बोलत होते.

पण एक गंमत पाहा. ज्या लॅटिनसाठी एवढी झुंज झाली, ती तरी पहिली भाषा होती का? नाही. सुरुवातीच्या शतकांत रोममध्ये उपासना ग्रीक भाषेत होई. लोकांना ग्रीक कळेनासे झाले, तेव्हा लॅटिन आली. म्हणजे लॅटिन हीच एके काळची लोकभाषा! जुन्या विधीचे ते ठरलेले पुस्तकही १५७० सालचे. एकेकाळची सुधारणा नातवाच्या काळात परंपरा झाली.

म्हणून गुरुजनांना एक विनंती आहे. हा विषय वर्गात निघाला, तर कोण बरोबर, हे लगेच सांगू नका. मुलांना विचारा, तुमच्या घरच्या पूजेत, लग्नात किंवा नमाजात कोणती गोष्ट बदलली तर आजी रडेल, आणि कोणती बदलली नाही तर नातू दूर जाईल? बदल करणाऱ्याने आजीचे अश्रू मोजावेत, आणि जपणाऱ्याने नातवाची पाठ फिरण्याआधी त्याला हाक मारावी. रोमला हे सोपे गेले नाही. आपल्याला तरी कुठे सोपे जाते?