पेशवा : पदाचे नाव राज्याला कसे चिकटले?

१/ बोईसरहून समुद्राच्या दिशेने गेले की तारापूर लागते. आज हे गाव अणुवीज केंद्रामुळे सर्वांना ठाऊक आहे. पण तेथे पोर्तुगीज काळातील एक किल्लाही आहे. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तो लढून घेतला. ‘पेशव्यांनी तारापूर जिंकले’ असे आपण सहज म्हणतो. या वाक्यातील ‘पेशवे’ नेमके कोण?

२/ मोहिमेचे नेतृत्व चिमाजी अप्पांकडे होते. ते स्वतः कधीच पेशवे नव्हते. ते पद त्यांचे थोरले बंधू बाजीराव यांच्याकडे होते. तारापूरच्या लढाईत प्राण गेले ते बाजी भिवराव रेठरेकरांचे. आणि ज्यांच्या नावाने राज्य चालत होते, ते छत्रपती शाहू महाराज साताऱ्यास होते.

३/ ‘पेशवा’ हा शब्द फारसी आहे. ‘पेश’ म्हणजे पुढे, समोर. ‘पेश करणे’ यात तोच शब्द आहे. पेशवा म्हणजे पुढे असणारा, अग्रणी. दख्खनच्या सुलतानशाह्यांत हे पद रूढ होते. निजामशाहीचा मलिक अंबरही पेशवाच होता.

४/ शिवाजी महाराजांच्या काळी हे पद मोरोपंत पिंगळ्यांकडे होते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पदांना संस्कृत नावे मिळाली आणि पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला. पुढे बाजीरावांच्या शिक्क्यातही ‘मुख्य प्रधान’ हेच शब्द आहेत. लोकांच्या तोंडी मात्र जुना शब्दच टिकला.

५/ १७१३ मध्ये शाहू महाराजांनी श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवेपद दिले. त्यानंतर ते याच घराण्यात वंशपरंपरेने राहिले. पदाचे नाव घराण्याला लागले, भट ‘पेशवे’ झाले. मग फौज पेशव्यांची, राज्य पेशव्यांचे, आणि अखेर तो सारा काळच ‘पेशवाई’ ठरला.

६/ असेच दक्षिण अमेरिकेत घडले. केचुआ भाषेत ‘इंका’ म्हणजे राजा, किंवा कुस्कोच्या राजकुळातील पुरुष. सम्राटाला ‘सापा इंका’, म्हणजे एकमेव इंका, म्हणत. राज्याचे स्वतःचे नाव ‘तावान्तिन्सुयु’ होते. त्याचा अर्थ ‘एकत्र असलेले चार प्रांत’. १५३२ मध्ये स्पॅनिश फौज तेथे पोहोचली. त्यानंतरच्या लिखाणातून राजाची पदवी सगळ्या राज्याचे आणि प्रजेचे नाव म्हणून जगभर रूढ झाली. चिमू, चांका यांसारखे जिंकले गेलेले समाज त्या एका शब्दाखाली झाकले गेले.

७/ ‘पेशवे’ या शब्दाखालीही बरेच काही झाकले जाते. भटांपूर्वी हे पद भूषवणारे पिंगळे विस्मरणात जातात. १७४९ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि सत्ता पुण्यात एकवटली. तरीही नव्या पेशव्याला पदाची वस्त्रे साताऱ्याहूनच येत. १७९६ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनाही ती तेथूनच मिळाली.

८/ १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशवाई बुडवली. त्याच इंग्रजांनी साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांचे राज्य मात्र ठेवले. ते १८४८ पर्यंत टिकले. पद संपले, पण ज्या गादीने ते पद दिले होते ती आणखी तीस वर्षे उभी होती. तारापूर छत्रपतींच्या राज्यासाठी घेतले गेले. त्या मोहिमेचे सेनापती पेशव्याचे धाकटे बंधू होते, आणि तेथे पडलेल्या वीराचे आडनाव रेठरेकर होते.