ऐकणाऱ्याची जागा

खडेबाजारातल्या एका दुकानात दुकानदारानं पाच स्पीकरांच्या बरोबर मधे माझ्यासाठी खुर्ची टाकली. "अक्का, हिकडं बसा. मधे बसल्याबिगर मजा कळत न्हाई." त्यानं सिनेमातला पाऊस लावला. पाऊस खरोखर माझ्या पाठीमागं पडायला लागला. मी वळून बघितलं, तसा माझा नातू हसला.

घरच्या संगणकाला स्पीकर घ्यायला आम्ही निपाणीहून बेळगावला आलो होतो. नातवाला 'फाइव्ह पॉइंट वन' हवा होता, म्हणजे पुढं तीन, मागं दोन आणि खर्जासाठी एक मोठा डबा. माझ्या मनात वेगळंच होतं. सासूबाईंच्या आईची, आव्वाची, १९८६ सालची एक कॅसेट आमच्या कपाटात आहे. ती संगणकात उतरवून आत्याबाईंना ऐकवायची होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचा उजवा कान जवळजवळ गेलाय, आणि त्या बसतात दाराजवळच्या कॉटवर.

मी दुकानदाराला विचारलं, "आणि दाराजवळ बसलेल्या माणसाला कसं ऐकू येईल?"

"त्यास्नीबी मधेच बसवायला पायजे, अक्का."

परतीच्या वाटेवर हे वाक्य डोक्यातून जाईना. ऐकणाऱ्यानं कुठं बसायचं हे यंत्र कधीपासून ठरवायला लागलं?

आमच्या भागात यंत्रातला आवाज पहिल्यांदा आला तो ग्रामोफोनच्या कर्ण्यातून. कलकत्त्यात १९०८ साली तबकड्यांचा कारखाना सुरू झाल्यावर तबकडी आपल्याकडं हळूहळू स्वस्त झाली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, आणि आवाज बाहेर पडायला एकच तोंड. ते तोंड सोप्यात असलं तरी ऐकणारे अंगणात, ओसरीवर, शेजारच्या जोत्यावर. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी लहानपणी अशाच तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब गायचा. पुढं जग त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखू लागलं. एका कर्ण्यातून आलेल्या त्या खरखरीत आवाजात त्या पोराला काही कमी पडलं नाही.

मग रेडिओ आला. १९५० च्या जानेवारीत धारवाड केंद्र सुरू झालं तेव्हा बेळगाव जिल्हा अजून मुंबई राज्यात होता. १९५६ च्या नोव्हेंबरात तो म्हैसूर राज्यात गेला. १९६३ साली सांगली केंद्र सुरू झालं. आमच्या मामंजींच्या रेडिओचा काटा या दोन गावांच्या मधे फिरायचा. मामंजींना सांगलीच्या मराठी बातम्या लागत, आत्याबाईंना धारवाडची कानडी गाणी. रेडिओ फळीवर, मामंजी आरामखुर्चीत, आत्याबाई चुलीपाशी. पोष्टात लायसन्सचे पैसे भरायचे ते एका रेडिओचे. ऐकायचं मात्र अख्ख्या घरानं. कुणी कुठं बसायचं, हा प्रश्नच नव्हता.

आवाजाला दिशा देण्याची खटपट मात्र रेडिओच्याही आधीची. १८८१ साली पॅरिसच्या वीज-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यानं ऑपेराच्या रंगमंचावरून टेलिफोनच्या तारा आणल्या आणि ऐकणाऱ्याच्या दोन कानांना दोन वेगळे रिसीव्हर दिले. लोकांना गायक डावीकडं आहे की उजवीकडं, ते कळायला लागलं. इंग्लंडमधल्या ॲलन ब्लमलाइन या इंजिनिअरला सिनेमा बघताना खटकलं, की नट पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला चालत जातो, पण त्याचा आवाज जागचा हलत नाही. १९३१ साली त्यानं दोन वाटांच्या आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यालाच आपण पुढं स्टिरिओ म्हणू लागलो. १९४० साली डिस्नेच्या 'फँटेशिया'साठी थिएटरात चहूबाजूंनी आवाज सोडायची यंत्रणा केली. ती इतकी महाग पडली की मोजक्याच थिएटरांत बसली.

१९७० नंतरच्या काळात चार स्पीकरांची चौमुखी पद्धत घराघरांत न्यायचा प्रयत्न झाला. पण एका कंपनीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना. गिऱ्हाईक कंटाळलं आणि ती पद्धत बुडाली. १९९२ च्या सुमाराला सिनेमात डिजिटल आवाज आला, मग डीव्हीडी आली, आणि पाच अधिक एकचा हिशोब घरात शिरला. संगणकाच्या मागं हिरवं, काळं, केशरी अशी छिद्रं आली: हिरवं पुढच्या जोडीचं, काळं मागच्या जोडीचं, केशरी मधल्याचं आणि खर्जाच्या डब्याचं.

यामागची युक्ती आपल्या दोन कानांत आहे. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला किंचित उशिरा. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतका. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. खर्जाची दिशा मात्र कानाला नीट लागत नाही, म्हणून तो डबा एकच असतो आणि टेबलाखाली ढकलला तरी चालतो. बाकीच्या पाचांना नियम आहेत. एक समोर, दोन तीस-तीस अंशांवर, दोन कानांच्या जरा मागं, आणि सगळे एका खुर्चीपासून सारख्या अंतरावर. खुर्ची सरकली की हिशोब मोडला. आणि ज्याचा एक कान गेलाय, त्याला हा हिशोब लागतच नाही.

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ साली बांधलेली. नेमिनाथांपुढं मंडपात उभं राहून हळू आवाजात णमोकार म्हणा. तुमचाच आवाज खांबांना, छताला लागून चारी बाजूंनी परत येतो. दगड आवाज पीत नाही, परतवतो. मागच्या स्पीकरांचं बरंचसं काम हेच, मोठ्या सभागृहाच्या भिंतींची नक्कल करायची. फरक एवढाच, की बस्तीत तो आवाज खांबाआड बसलेल्या म्हातारीलाही मिळतो.

लहानपणी आम्हाला समवसरणाचं चित्र दाखवायचे. मधे तीर्थंकर, चारी दिशांना मुख दिसणारे, आणि भोवती बारा कोठ्यांत मुनी, आर्यिका, देव, माणसं, पशुपक्षी. दिव्यध्वनी एकच, आणि प्रत्येकाला तो आपापल्या भाषेत कळतो. दुकानातली मांडणी याच्या नेमकी उलटी होती. तिथं बोलणारे भोवती आणि ऐकणारा एकटा मधे. नातवाच्या पावसाला मी नावं ठेवत नाही, मलाही तो आवडला. पण ती एकट्याची मौज आहे.

शेवटी आम्ही हिशोब केला. एकट्याला ऐकायचं असेल तर चांगला हेडफोन पुरतो. तो नातवाला घेतला. घरासाठी दोनच स्पीकर घेतले, पण बरे. खोक्यावर हजारो वॅटचा पीएमपीओ आकडा असतो, तो वाचून भुलायचं नाही. आरएमएस किती ते विचारायचं, तो खरा. दुकानात सिनेमा लावून न बघता माणसाच्या बोलण्याची फाइल लावायला सांगायची. शब्द स्वच्छ आले तर गाणंही बरं येतं. आणि संगणकात डावा-उजवा आवाज एकत्र करायची सोय असते. घरात एका कानानं ऐकणारं कुणी असेल तर ती चालू करावी, म्हणजे निम्मं गाणं वाया जात नाही.

कॅसेट उतरवायला टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या निळ्या छिद्रात घातली. आव्वाचा आवाज एकाच माईकवर टिपलेला. त्यात दिशा मुळातच नाही. पाचांत वाटला असता तरी तो तेवढाच राहिला असता. एक स्पीकर लांब वायरीनं दाराजवळ, आत्याबाईंच्या डाव्या कानाच्या अंगाला ठेवला.

खरखर झाली, भांडं वाजलं, आणि आव्वा बोलायला लागली, अर्धं कानडी, अर्धं मराठी, आमच्याकडं बोलतात तसं. आत्याबाई पाय खाली सोडून बसल्या. मधेच त्या "हौदु, हौदु" म्हणाल्या, जणू आव्वा समोरच होती.

नातवानं हेडफोन गळ्यात घेतला आणि विचारलं, "पणजी, काय म्हणाली ती?"

त्याला कानडी येत नाही. आत्याबाईंनी टेप थांबवायला लावली आणि त्याला मराठीत सांगितलं.